मातीसकट

त्रेझा भित्री होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या टेकडीवर कोणालाही विचाराल तर पहिलं हेच ऐकवतील. ढग गडगडले की ही घरातले सगळे प्लग उपटून बसायची. गॅसचं बटण बंद करायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बघायची, आणि फाटकाशी पोचल्यावर मलाच ओरडून विचारायची, "याल्झा, मी बंद केलं ना गं?" जसं काही मी तिच्या स्वयंपाकघरात राहते! दुसऱ्याने गोळा केलेल्या अळंब्या तिने जन्मात तोंडात घातल्या नाहीत. मी तिची शेजारीण, मध्ये एक कुंपण. मी तोंडाची फटकळ, तिला येताजाता टोचायचे. पण हसताना मला एक गोष्ट ठाऊक असायची. लेकाच्या, ब्रांकोच्या आधी तिची दोन बाळं गेली होती, एक पोटात आणि एक पाळण्यात. त्यानंतर बाई घाबरायची थांबलीच नाही.

एका बाबतीत मात्र तिचा हात धरणारी बाई आमच्या अख्ख्या झागोर्ये मुलखात नव्हती. घरामागचा तिचा उतार फेब्रुवारीत पांढराशुभ्र व्हायचा. विसिबाबांनी. बर्फ पुरता वितळलेलाही नसतो आणि ही इवलीशी पांढरी फुलं मान खाली घालून उभी राहतात. नावाचा अर्थच लटकलेली म्हातारी. त्रेझाने तो सगळा उतार एकेक पुंजका करून भरला होता. बाजारात शरद ऋतूत सुकलेले कंद मिळतात, लोक हौसेने आणतात, पुरतात, आणि वसंतात मातीकडे बघत बसतात. त्रेझाची रीत वेगळी होती. फुलं मावळली की पानं हिरवीगार असतानाच पुंजका उचलायचा, फोडायचा, आणि लगेच नव्या जागी लावायचा. एकदा पानं वाळली की कंद जमिनीत कुठे झोपलाय ते कोणाला कळणार?

त्यातही तिचा भित्रेपणा होताच. कंदाला फावडं लागेल म्हणून ही चांगली हातभर लांबून आणि खोल खणायची. पुंजका वर आला की दोन्ही हातांवर घ्यायची आणि मातीचा एक कणही झटकू द्यायची नाही.

"अगं, निम्मं कुरण उचलून आणतेस की काय?" मी म्हणायचे.

"राहू दे. परक्या ठिकाणी चाललीय ना. थोडी माहेरची माती बरोबर असली की भीत नाही."

"कंद भितात?"

"तुला काय माहीत भितात की नाही!" ती म्हणायची, आणि पुंजका पदराआड लेकरू घ्यावं तसा ॲप्रनमध्ये धरून चालू लागायची.

आता ओढ्याकाठच्या कुरणातल्या अस्वली लसणीबद्दल सांगते. वसंतात आमच्याकडे तिच्या कोवळ्या पानांचं सूप झाल्याशिवाय हिवाळा संपला असं कोणी मानत नाही. बटाटा, साय, आणि मूठभर ती हिरवी पानं. रक्त शुद्ध होतं म्हणतात. पण त्याच कुरणात म्राझोवाट्स उगवतो. त्याचं जांभळट गुलाबी फूल सप्टेंबरात येतं, नुसतंच, पानाशिवाय. पानं उगवतात पुढच्या वसंतात, लसणीच्या शेजारी, तशीच हिरवी, तशीच लांबोडकी. आणि ते जहर असतं. दर वर्षी कुठे ना कुठे कोणीतरी फसतं. पान चुरगळून वास घ्यायचा असतो हे सगळ्यांना माहीत. पण दहा पानं तोडल्यावर बोटांनाच लसणीचा वास लागतो, मग अकराव्या पानालाही तोच येतो.

त्रेझाला त्या कुरणाची इतकी धास्ती होती की तिने लसणीची रोपंच उचलून घरी आणली. एकेक पान उजेडात धरून तपासलं आणि मागच्या हेझलच्या झाडाखाली वाफा केला. "आता घरच्यांनी इथूनच तोडायची. डोळे मिटून तोडली तरी चालेल," असं तिने जाहीर केलं. आणि वाफा उघडाबोडका दिसतो म्हणून तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याच्या कडेला ओढ्याकाठच्या कुरणातले विसिबाबांचे पुंजके आणून लावले. मीच ढकलगाडी लोटली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रांकोचं लग्न झालं. मुलगी समुद्राकडची, नीवेस तिचं नाव. लग्न तिकडेच होतं, टेकडीवरची आम्ही सगळी वऱ्हाडी म्हणून गेलो. त्रेझा तर पुढे तीन आठवडे व्याह्यांकडेच राहिली आणि समुद्राला भिऊन एकदाही वाळूत उतरली नाही. ती परतली तोवर हेझलची पानं गळून वाफ्यावर जाड थर झाला होता.

नीवेस पोर चांगली होती, पण तिच्याही नाकावर राग. ब्रांको ऑस्ट्रियात बांधकामावर, महिन्यातून एकदा घरी. घरात दोघीच, आणि नाताळात कळलं की नीवेसला दिवस गेलेत. झालं! त्रेझाची जी काही भीती ढगांत, गॅसमध्ये, अळंब्यांत विखुरलेली होती, ती सगळी गोळा होऊन त्या पोरीच्या पोटाभोवती बसली. जिना चढू नकोस. मांजराला हात लावू नकोस. थंड पाणी पिऊ नकोस. आणि कहर म्हणजे, सुनेपुढे वाढायच्या आधी ही प्रत्येक पदार्थ स्वतः चाखायची. चमचाभर नव्हे. "चमच्याने काय कळतं?" म्हणत मगभर प्यायची आणि चुलीजवळच्या स्टुलावर बसून राहायची, पोटात काही होतंय का बघत.

"राजाच्या जेवणाआधी चाखायला माणूस ठेवतात ना, तसं चाललंय," नीवेस मला कुंपणापाशी येऊन सांगायची. "याल्झामावशी, मला श्वास घेता येत नाही हो. आज दूध चाखलं. दूध!"

"अगं, घाबरते ती. दोन गेलीत तिची."

"मला माहितीय. पण तिची भीती मी किती दिवस खाऊ?"

तिचंही खरंच होतं.

तो शनिवार ईस्टरच्या आधी येणाऱ्या फुलांच्या रविवारच्या आदल्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं घातलेल्या पाण्याने तोंड धुवायची आमची पद्धत, म्हणून त्रेझाने व्हायोलेटची फुलं आधीच परातीत काढून अंगणात ठेवली होती. आम्ही दोघी सकाळपासून उतारावर पुंजके फोडत होतो. ऊन छान होतं. धुराड्यातून धूर निघत होता आणि बटाटा-लसणीचा वास खालपर्यंत येत होता.

"सूनबाई सूप करतेय वाटतं," मी म्हटलं.

"मी सांगितलं होतं तिला आराम कर म्हणून." पण चेहरा खुलला होता तिचा. "आपणहून करतेय बघ. माझ्यासाठी. तिच्याकडे कुठे करतात हे असलं?"

"मग आज तरी चाखायचं नाटक नको करूस. गुमान बस आणि जेव."

"बघू," असं पुटपुटत ती हात पुसत वर गेली. मी फावडी धुवायला नळाशी थांबले. मातीचे गोळे निघता निघेनात, त्यात बराच वेळ गेला.

मी अंगणात आले तेव्हा उघड्या खिडकीतून दोघींचे आवाज येत होते.

"पानं कुठून तोडलीस?" त्रेझा विचारत होती.

"हेझलखालून. तुमच्याच वाफ्यातून. दुसरीकडे कुठे जायची परवानगी आहे मला?"

"एक पान दातात आलं. जाड होतं."

"आई, मी आठ दिवसांनी आज एक दिवस चूल पेटवलीय!"

"मी फक्त बघून येते. तू हात लावू नकोस. मी येईपर्यंत हात लावू नकोस, पोरी, तुझ्या पाया पडते."

त्रेझा माझ्या अंगावरून धावतच गेली. गुडघे दुखतात म्हणणारी बाई, तिला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. आत डोकावले तर नीवेस टेबलाशी उभी, डोळे पाण्याने भरलेले, आणि रागाने चमच्यावर चमचा सूप तोंडात घालतेय.

"बघा तुम्हीच, याल्झामावशी. मेले का मी? मेले?"

"थांब जरा. येऊ दे तिला."

"का थांबू? विष घालीन मी माझ्याच बाळाला?"

बशी निम्मी झाली होती. तेवढ्यात दारात त्रेझा दिसली. तिच्या मुठीत मातीने भरलेला एक तुटका बुंधा होता. लसणीचं पान कसं एकेक देठावर वेगळं येतं. हा जाड, एकातून एक निघालेल्या पानांचा, आणि मधोमध बोंडासारखं हिरवं फळ. आमच्याकडचं शेंबडं पोरही ओळखेल, म्राझोवाट्स. त्रेझाने तो टेबलावर ठेवला. तिच्या ओठांना रंग उरला नव्हता.

"किती खाल्लंस?" तिने विचारलं.

नीवेसने बशीकडे पाहिलं, मग त्या बुंध्याकडे, मग पोटावर हात ठेवला. तिलाही कळलं होतं.

पुढचं सगळं त्रेझाने केलं, मी नाही. तिने पोरीला मोरीशी नेलं, घशात बोट घालून ओकायला लावलं, पाणी पाजलं, परत ओकायला लावलं. बुंधा आणि उरलेलं सूप बरणीत भरून घेतलं. आणि माझ्यावर ओरडली, "याल्झा, गाडी! उभी काय राहिलीस खांबासारखी?" अख्ख्या आयुष्यात ती माझ्यावर ओरडली ती तेवढी एकदाच.

वळणावळणाचा तो रस्ता मी कसा कापला, मला आठवत नाही. मागच्या सीटवर नीवेस त्रेझाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि एकच विचारत होती, "आई, बाळाला काही होईल का?" आणि त्रेझा, जिला मांजराच्या शिंकेतही मरण दिसायचं, ती शांत आवाजात म्हणत होती, "काही होत नाही. सगळं बाहेर पडलंय. मी आहे ना." मी आरशात पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूसही नव्हता, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बरणी पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. नीवेसला कोळशाची पूड पाजली, सलाईन लावली. बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, "याच्यावर उतारा नाही. वाट बघायची. आधी तासन्‌तास काहीच होत नाही, म्हणून लोक घरी बसून राहतात आणि फसतात. लगेच ओकवलंत ते फार बरं केलंत. आणखी कोणी खाल्लंय?"

"मी नाही," मी म्हटलं. "मी बाहेर होते."

"आणि तुम्ही, आजी?"

"मी जेवायला बसलेच कुठे?" त्रेझा म्हणाली. "मी तर वाफ्याकडे पळाले."

तसंच तर झालं होतं. मीही मान डोलावली.

मग सुरू झालं ते वाट बघणं. तसली वेळ वैऱ्यावरही येऊ नये. नीवेसने कूस बदलली की मी उठून उभी राहायचे. तिने पाणी मागितलं तरी वाटायचं, झालं, सुरू झालं. बाळाचे ठोके ऐकायला नर्स यंत्र घेऊन यायची, आणि ते पोटावर फिरवताना ठोका सापडेपर्यंत खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं. सापडला की त्रेझा खुर्चीची कड सोडायची. तिची खुर्ची पलंगाला चिकटून होती आणि नीवेसचा हात तिच्या हातात.

"ते तिथे आलं कसं?" संध्याकाळी मी तिला विचारलं. नीवेसचा डोळा लागला होता. "प्रत्येक पान तर तपासून लावलं होतंस."

"लसूण तपासली होती." ती माझ्याकडे बघत नव्हती. "विसिबाबा मातीसकट आणल्या. ओढ्याकाठून. खोल खणून. त्या मातीत ते गड्डे झोपलेले होते, याल्झा. सप्टेंबरात फुलं आली असती तर कळलं असतं. आलीही असतील, पण बघायला घरी कोण होतं? मीच आणलं ते घरात. या हातांनी."

"गप्प. तुला काय स्वप्न पडलं होतं?"

"मला सगळ्याची भीती वाटायची," ती म्हणाली. "फक्त मातीची नाही वाटली कधी."

मला रडू कोसळलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "हिला आत्ता सांगू नकोस. बरी झाली की मीच सांगेन."

ब्रांको येईपर्यंत थांबून मी घरी गेले. रविवारी सकाळी अंगणातली ती परात तशीच होती, व्हायोलेट सुकली होती. मी तोंडसुद्धा न धुता परत दवाखान्यात पोचले. नीवेस उठून बसली होती. पोटात थोडं दुखत होतं, एकदोनदा पोट बिघडलं होतं, पण रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांना बरे वाटत होते, ठोके नीट होते. देवा! मी तिच्या कपाळाचा मुका घेतला.

"आई कुठे आहेत?" तिने विचारलं. "सारख्या बाहेर जातायत. पहाटेपासून."

त्रेझा कॉरिडॉरच्या टोकाला, बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. चेहरा राखेसारखा. मी हात लावला तर अंग गारठलेलं आणि घामाने भिजलेलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाड पान दातात आलं होतं. कोणाच्या दातात? चाखल्याशिवाय तिला कळलं कसं?

"मगभर?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. "उभ्यानेच. ती खोलीत कपडे बदलत होती. चव छान होती गं."

"अगं बये! डॉक्टरांनी तोंडावर विचारलं होतं तुला! का नाही बोललीस?"

"मला वेगळीकडे झोपवलं असतं. मग तिच्याजवळ कोण बसलं असतं?"

"मी नव्हते? मी काय मेले होते?"

"तू ठोके ऐकताना नुसती रडतेस," ती म्हणाली, आणि खरंच सांगते, हसली. मी ओरडून ओरडून नर्सना गोळा केलं.

उशीर झाला होता. त्यांनी जमेल ते सगळं केलं, मी कोणाला दोष देत नाही. सोमवारी ती नीवेसशी बोलली. दोघींना एकटं सोडून आम्ही बाहेर थांबलो. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण नीवेस बाहेर आली ती भिंत धरत. "त्या माझी माफी मागतायत, याल्झामावशी," एवढंच ती बोलू शकली. "त्या, माझी!" बुधवारी त्रेझा गेली. शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ होते. मला वाटलं होतं, ही बाई मरणाला सगळ्यात जास्त भिईल. पण ती मला परत परत एवढंच विचारत होती, ठोका सापडला का. सापडला, म्हटलं की डोळे मिटायची.

बाळ जुलैत झालं. मुलगी. ठणठणीत, आणि आवाज असा की दुसऱ्या टेकडीवर ऐकू जावा.

यंदा ती दीड वर्षाची झाली असताना विसिबाबा फुलल्या आणि मावळल्या. मला वाटलं होतं ते घर आता त्या उताराकडे ढुंकूनही बघणार नाही. ब्रांकोने तर हेझलखालचा वाफा कंबरभर खणून काढला होता. पण मार्चमध्ये एका सकाळी नीवेस फावडं घेऊन उतारावर दिसली. कुंपणापलीकडून मी बघत राहिले. ती लांबून, खोल खणत होती. पुंजका दोन्ही हातांवर वर काढायची, शेजारच्या बादलीत बुडवायची, आणि माती सगळी धुऊन टाकायची, पांढरे कंद मोकळे होईपर्यंत. मग एकेक कंद उजेडात धरून उलटा-सुलटा बघायची. एका पुंजक्याला किती वेळ लागत होता म्हणून सांगू! पोरगी बाजूला चिखलात बसली होती.

"तोंडात घालू नकोस गं! सोड, सोड ते!" नीवेस ओरडली. "आधी मला दाखव, काय आहे हातात?"

आवाज समुद्राकडच्या पोरीचा होता, पण बोलणं शब्दन्‌ शब्द त्रेझाचं.

दुपारी तिने मला जेवायला बोलावलं. साधं बटाट्याचं सूप, लसूण नाही, काही नाही. मी तिच्या लेकीला मांडीवर घेऊन टेबलाशी बसले. भूक लागली होती, पोरगीही चमचा आपटत होती. नीवेसने आमच्या बश्या भरल्या, पण पुढे ठेवल्या नाहीत. एक मग घेतला, भरला, चुलीपाशी उभी राहून रिकामा केला, आणि कोपऱ्यातल्या त्या स्टुलावर जाऊन बसली.

एरवी मी काहीतरी बोलले असते. मी पोरीच्या हातातला चमचा काढून घेतला आणि तिच्याबरोबर गुपचूप थांबून राहिले.